विरजण

डॉ. हर्षवर्धन मोकाशींना एक दिवस ढगात पाठवायचं, हे केतकी धायगुडेने भावाच्या दहाव्यालाच ठरवलं. नदीच्या घाटावर मोकाशी आले होते. पांढरा सदरा, जोडलेले हात, ओले डोळे. तिच्या आईपुढे उभं राहून ते म्हणाले की उन्मेष फार हुशार वैमानिक होता, पण जरा धाडसी होता, आणि ढग कधीकधी ऐकत नाहीत. आईने मान हलवली. केतकी मात्र त्यांच्या जोडलेल्या हातांकडे बघत होती. ते हात अगदी स्थिर होते.

मोकाशी तिचे गुरू होते. बालाघाटच्या डोंगररांगेवर, भूमच्या पलीकडच्या उघड्या माळावर त्यांनी मेघसंवर्धन केंद्र उभारलं, तेव्हा सगळ्यात आधी त्यांनी केतकीला बोलावलं होतं आणि केतकीने उन्मेषला. त्या वर्षांत पावसाचं तंत्र पार बिघडलेलं होतं. आभाळ महिनाभर भरून यायचं आणि तसंच पुढे निघून जायचं. अशा वेळी हवा तिथे ढग पिकवून दाखवणारा माणूस म्हणजे देवच होता, आणि मोकाशींना ते ठाऊक होतं.

ढग म्हणजे वाफ, असं आपण सहज म्हणतो, पण वाफ डोळ्यांना दिसत नाही. ऊन लागून जमीन तापली की तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते. वर गेली की पसरते, पसरली की गार होते, आणि गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं. मात्र त्यासाठी वाफेला टेकायला काहीतरी लागतं: धुळीचा कण, समुद्रावरून आलेला मिठाचा कण, धुराची कणी. अशा कणांवर बसलेले कोट्यवधी बारीक थेंब, इतके हलके की खाली पडतच नाहीत, म्हणजे ढग. हवा सावकाश, ऐसपैस वर चढली तर गोधडी अंथरल्यासारखे सपाट स्तरमेघ होतात. खूप उंचावर, जिथे नुसते बर्फाचे कण असतात तिथे, पिंजलेल्या कापसासारखे तंतुमेघ. आणि हवा एकाच जागी जोराने उसळली तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगलेले राशिमेघ. या राशिमेघाला वाढू दिलं तर तो चढत चढत वातावरणाच्या छताला टेकतो, तिथे त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो, आणि त्याचा गर्जनमेघ होतो. त्याच्या पोटात वर जाणारे आणि खाली कोसळणारे वारे एकमेकांना खेटून वाहतात. मधे बर्फ, गारा, वीज. शहाणा वैमानिक त्याला लांबूनच नमस्कार करतो.

मोकाशींचा शोध राशिमेघाच्या वरच्या भागासाठी होता. तिथलं पाणी शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही. त्याला बर्फाचा नमुना दाखवणारं कुणीतरी भेटावं लागतं. झाडांच्या पानांवर राहणाऱ्या एका जिवाणूच्या अंगात असं प्रथिन असतं. त्याच्यामुळेच थंडीत पानांवर लवकर हिमकण धरतात. मोकाशींनी ते प्रथिन बदललं, कितीतरी पटींनी तिखट केलं आणि त्याची पूड बनवली. ही पूड ढगात पडली की सगळं गार पाणी भराभर गोठतं. गोठताना पाणी उष्णता बाहेर टाकतं. त्या उष्णतेने ढग आतून तापतो, हलका होतो आणि उसळी मारून वर जातो. सुस्त राशिमेघ बघता बघता पाऊस पाडायला लागतो. पुडीचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं. केंद्रातले लोक तिला विरजण म्हणत. चिमूटभर लावलं की अख्खा ढग लागतो, म्हणून.

ढगाजवळ विमान असताना ढगाच्या मध्यभागी विरजण सोडायचं नाही, हा पहिला नियम मोकाशींनी स्वतः घालून दिला होता.

उन्मेष गेला त्या दिवशी केंद्राच्या गच्चीवर मोठे पाहुणे होते आणि ढग मरगळलेला होता. केतकी कामासाठी बंगळूरला गेली होती. परत आल्यावर तिने रडारची चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली. उन्मेषने ठरल्याप्रमाणे ढगाच्या कडेला मात्रा सोडली होती. तेवढ्याने ढग असा चढूच शकत नव्हता. कुणीतरी ड्रोनमधून दुसरी मात्रा सोडली होती, थेट मध्यभागी, विमान ढगाच्या कुशीत असताना. तसा हुकूम रेडिओच्या नोंदीत कुठेच नव्हता. फोनवर दिला असणार. चौकशी समितीने मात्र निष्कर्ष काढला की पाहुण्यांना कसरत दाखवण्याच्या नादात वैमानिक स्वतःच ढगात शिरला.

केतकीने मोकाशींना एकदाच विचारलं, एकटीने, त्यांच्या खोलीत. त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. दुःखात माणसाला चित्रं हवी तशी दिसायला लागतात, असं ते अतिशय मायेने म्हणाले. त्यांचे वडील गेले तेव्हा त्यांचंही तसंच झालं होतं. मग त्यांनी तिला नियंत्रण कक्षाची प्रमुख होशील का, असं विचारलं.

केतकी हो म्हणाली.

म्हसवडला आईला हे कळलं तेव्हा आईने फोनवर एवढंच म्हटलं, "ज्याच्या हाताखाली तो गेला, त्याच्याच हाताखाली तू भाकरी खा." त्यानंतर आईने तिचा फोन घेणं सोडलं. गावात लोक उन्मेषचं नाव काढताना हळहळायचे आणि हळूच पुढे जोडायचे, जरा मस्तीच नडली पोराला. आई ते ऐकून घरात जायची. केतकी दिवाळीला गेली तर आई शेजारच्या काकूंच्या हाती ताट पाठवायची, स्वतः समोर यायची नाही. आईला खरं सांगावं असं केतकीला फार वाटे. पण आईच्या पोटात काही राहत नसे, आणि मोकाशींना सुगावा लागून चालणार नव्हतं.

सुडाने झोप उडते म्हणतात. केतकीला शांत झोप लागायची. सकाळी उठायला तिच्यापाशी कारण होतं. तिने विरजणाचं गणित मोकाशींपेक्षाही पुढे नेलं. कुठल्या ढगाला किती मात्रा लावली की तो किती चढेल, कुठल्या बाजूला झुकेल, शेजारच्या ढगाला कधी जाऊन मिळेल, हे तिला स्वयंपाकातल्या मिठासारखं हाताला समजायला लागलं. मोकाशी भाषणांत तिला आपली मानसकन्या म्हणत. ती खाली मान घालून हसायची. त्यांच्याशी ती नेहमी मऊ, सावकाश आवाजात बोलायची, आणि त्यांना तो आदर वाटायचा.

शेवटी संधी मोकाशींच्या महत्त्वाकांक्षेनेच आणली. त्यांना विरजण बाहेरच्या देशांत न्यायचं होतं, पण उन्मेषच्या अपघाताचं नाव निघालं की बोलणी अडत. तेव्हा केतकीनेच सुचवलं की लोकांना यंत्रापेक्षा माणसावर विश्वास ठेवायला आवडतं. सरांनी स्वतः विमानात बसून ढगांजवळ जाऊन दाखवावं. विमान वैमानिकाविना उडणारं, खाली नियंत्रणावर केतकी. मोकाशी म्हणाले की हे त्यांना स्वतःला सुचायला हवं होतं. त्यांनी त्यात भरही घातली: विमानातलं सगळं बोलणं गच्चीवरच्या पाहुण्यांना लाउडस्पीकरवर ऐकू जायला हवं. केतकीला याहून जास्त काही मागायचं नव्हतं.

दिवस सप्टेंबरमधला निवडला. परतीच्या पावसाच्या त्या दिवसांत माळावर दुपारी ढग हमखास उसळतात.

त्या सकाळी मात्र विमान वाहतूक खात्याचा निरोप आला. माणूस बसणार असेल तर सोबत वैमानिक हवा. केंद्रात त्या दिवशी एकच वैमानिक हजर होती, कॅप्टन ऋतुजा गित्ते. परळीकडची मुलगी, हवाई दलातून आलेली, बोलायला मोकळी. केंद्रात आल्यावर तिने केतकीकडे हट्टाने ढग शिकून घेतले होते. धावपट्टीच्या कडेला दोघी आडव्या पडायच्या आणि ऋतुजा वर बोट दाखवून एकेका ढगाचं नाव सांगायची. चुकलं की केतकी तिच्या हातावर चापट मारायची. इतक्या वर्षांत केतकीच्या आयुष्यात एवढीच एक माणसासारखी गोष्ट होती.

हेल्मेट काखेत धरून ऋतुजा कक्षात आली तेव्हा केतकी पडद्यासमोर बसली होती. आज मोठ्या सरांची चालक आहे मी, असं ती हसत म्हणाली. केतकीने तिला विचारलं, भीती नाही ना वाटत. ऋतुजा म्हणाली, "खाली तुम्ही आहात ना, ताई."

एक वाक्य पुरलं असतं. वारा बरोबर नाही, उद्या करू. केतकीने ते वाक्य मनात जुळवलंसुद्धा. मग तिला घाटावरचे ते स्थिर हात आठवले आणि तिने ऋतुजाला सांगितलं की पट्टे घट्ट आवळून घे.

दुपारी माळाच्या पूर्वेला दोन राशिमेघ शेजारी शेजारी उभे राहिले. पांढरे, ताठ, कडा अजून कोबीसारख्या रेखीव. त्यांच्यामधे निळ्या आभाळाची एक गल्ली होती. विमानाने त्या गल्लीतून जायचं, उत्तरेच्या ढगाच्या खांद्यावर विरजण सोडायचं आणि पलीकडे निघायचं, असं ठरलेलं होतं. केतकीने सहकाऱ्यांना पाहुण्यांना माहिती द्यायला गच्चीवर पाठवलं आणि कक्षाचं दार आतून लावलं.

लाउडस्पीकरवर मोकाशींचा आवाज घुमत होता. ते पाहुण्यांना ढगांचे प्रकार समजावून सांगत होते. विमान गल्लीच्या मध्यावर आलं तेव्हा केतकीने दोन्ही ढगांच्या पोटात तयार ठेवलेल्या ड्रोनना मात्रा सोडायला सांगितलं.

दोन्ही ढग लागले. गच्चीवरून ते दृश्य फार सुंदर दिसलं असं नंतर लोक सांगत. दोन पांढरे बुरूज उकळल्यासारखे वर चढले, वरच्या बाजूने एकमेकांकडे झुकले, आणि मधली निळी गल्ली मिटली. टाळ्याही वाजल्या.

विमानाच्या नाकातल्या रडारला समोरचा पावसाचा पडदा दिसतो, पण तो दाट असला की त्याच्या मागे काय आहे ते कळत नाही. ऋतुजाला चहूकडे पडदेच दिसत होते. केतकीला मात्र जमिनीवरच्या रडारांमुळे ढगाचं अख्खं पोट दिसत होतं. नैर्ऋत्येला एक वाट उघडी होती, अरुंद, पण जाण्याजोगी.

ऋतुजाने शांतपणे कळवलं की दोन्ही ढग जोडले गेलेत, पंखांवर बर्फ धरतोय, बाहेर पडायची दिशा द्या.

"दिशा आहे माझ्याकडे," केतकी म्हणाली. "त्याआधी मोकाशी सरांनी एक गोष्ट सांगायची आहे. उन्मेष ढगाजवळ होता तेव्हा दुसरी मात्रा कुणी सोडायला लावली?"

गच्चीवरचे पाहुणे लाउडस्पीकरकडे वळले. रेडिओवर नुसती खरखर आली. मग मोकाशी समजावणीच्या सुरात म्हणाले की केतकी, तुझी मनःस्थिती ठीक दिसत नाही, हे आपण खाली आल्यावर बोलू. विमान एकदम खाली आपटलं आणि तितक्याच जोराने वर फेकलं गेलं. मोकाशींच्या तोंडून निघालेला आवाज सगळ्यांनी ऐकला. कक्षाच्या दारावर धक्के बसायला लागले होते.

"ताई, विमान मी चालवते आहे," ऋतुजा म्हणाली. "मी आहे इथे."

"मला माहीत आहे," केतकी म्हणाली. "सरांना सांग."

गारा सुरू झाल्या. पत्र्यावर खडी ओतल्यासारखा आवाज लाउडस्पीकरमधून येत राहिला आणि त्यात मोकाशी बोलायला लागले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. दुसरी मात्रा मी सोडायला लावली, ते म्हणाले. ड्रोन चालवणाऱ्या मुलाला मी फोन केला. ढग चढत नव्हता. एवढी माणसं आली होती बघायला.

"पुढे," केतकी म्हणाली.

"उन्मेषने दिशा मागितली होती. कक्षातल्या मुलांनी मला फोनवर कळवलं. ते बोलणं नंतर मीच नोंदीतून काढायला लावलं. दिशा होती आमच्याकडे." मोकाशींना धाप लागली होती. "तो तेवढ्यात बाहेर पडला असता तर सगळे विमानाकडे बघत बसले असते. मला ढग आणखी थोडा चढलेला दाखवायचा होता. मी म्हणालो, त्याला जरा थांबायला सांगा."

हे केतकीला माहीत नव्हतं. तिने चूक धरली होती, उतावीळपणा धरला होता. भाऊ वाट विचारत होता आणि खाली वाट ठाऊक असलेली माणसं गप्प बसली होती, हे तिच्या कल्पनेत कधी आलं नव्हतं.

आता सगळं मिळालं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. केतकीने माइकवर बोट ठेवलं आणि ती बोलली नाही. रेडिओवर मोकाशी रडत होते, तिचं नाव घेत होते, देवाचं नाव घेत होते. ती ऐकत राहिली. उन्मेष गेल्यापासून तिच्या छातीत काहीतरी गच्च आवळून बसलं होतं. ते हळूहळू सैल होत होतं, आणि ते आणखी थोडं सैल व्हावं असं तिला वाटलं.

"ताई, काच गेली," ऋतुजा म्हणाली. आवाज तेवढाच शांत होता, फक्त शब्द ओले झाल्यासारखे येत होते. "मला नीट दिसत नाही."

तेव्हा केतकीने तिला नैर्ऋत्येची वाट सांगितली. वळण, उंची, वेग, एकेक करून, धावपट्टीला चाकं टेकेपर्यंत. दार तोडून लोक आत आले तेव्हा ती विमानाला थांबण्याची जागा सांगत होती, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत तिला कुणी हात लावला नाही.

मोकाशींना खरचटलंही नव्हतं. ऋतुजाचा डावा डोळा गेला.

त्यानंतरचं सगळं कोर्टात झालं. मोकाशींच्या वकिलाने सांगितलं की जिवाच्या भीतीने माणूस काहीही बोलतो. पण उन्मेष गेला त्या दिवशी ड्रोन चालवणारा माणूस आता लातूरला होता. लाउडस्पीकरवरचं बोलणं सगळीकडे पोचलं तसा तो आपण होऊन आला आणि त्याने फोनचं खरं सांगितलं. उन्मेषवरचा ठपका पुसला गेला. मोकाशींना शिक्षा झाली. केंद्राला कुलूप लागलं. केतकीने काहीच नाकारलं नाही. मोकाशींबद्दल मला वाईट वाटत नाही, असं तिने न्यायाधीशांना सांगितलं, आणि तिच्या वकिलाने कपाळाला हात लावला. तिलाही शिक्षा झाली, मोकाशींपेक्षा जास्त, कारण तिने जे केलं ते विचार करून केलं होतं.

निकालाच्या दिवशी आई म्हसवडहून आली होती. पोलिसांनी क्षणभर थांबू दिलं. आईने केतकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. गावात आता लोक उन्मेषचं नाव नीट घेतात, असं तिने सांगितलं. तुरुंगात जाताना केतकीला आपण जिंकलो असंच वाटत होतं.

पावसाळा उलटून गेल्यावर एक दिवस तिला भेटायला कुणीतरी आल्याचं सांगितलं. जाळीपलीकडे ऋतुजा बसली होती. साध्या सलवार-कमीजमधे, केस कापलेले, डाव्या डोळ्याच्या जागी काचेचा डोळा. तिने आधी तब्येत विचारली. जेवण कसं असतं ते विचारलं. आता परळीला असते, उडायचा परवाना गेला, भावाच्या दुकानात बसते, असं तिने साध्या आवाजात सांगितलं. केतकीने माफी मागायला तोंड उघडलं, तेव्हा तिने हात वर करून तिला थांबवलं.

ती म्हणाली की मोकाशींकडून वदवून घेणं तिला समजलं होतं. तिला भाऊ आहे. तिच्या बाबतीत तसं झालं असतं तर तिनेही कदाचित तेच केलं असतं. पण एक गोष्ट तिला उमगत नव्हती आणि ती विचारायलाच ती एवढ्या लांब आली होती.

"त्यांनी सगळं सांगून झालं होतं, ताई. काच अजून शाबूत होती. तेव्हा तुम्ही गप्प का होतात?"

केतकीने खोटं बोलून बघायचा विचार केला. रेडिओ बिघडला होता, वाट सापडत नव्हती. ऋतुजाचा उजवा डोळा तिच्यावर खिळलेला होता.

"बरं वाटत होतं," केतकी म्हणाली.

ऋतुजाने मान हलवली, जणू तिला हेच उत्तर अपेक्षित होतं. तिने ओढणी सारखी केली आणि उठली. निघताना ती म्हणाली की शिक्षेत सूट मिळते असं तिने चौकशी करून घेतलंय, केतकीने नीट वागावं आणि तब्येतीला जपावं.

"तुम्ही सुटाल त्या दिवशी घ्यायला मी येईन," ती म्हणाली. "गाडी मीच चालवीन."

ती हे अतिशय मऊ, सावकाश आवाजात बोलली. पहाऱ्यावरच्या बाईंना ती मोठी मायाळू वाटली. त्या केतकीला म्हणाल्यासुद्धा की नशीबवान आहात, असं माणूस मिळायला पुण्य लागतं. केतकी जाळीला धरून उभी राहिली. इतकी वर्षं मोकाशींशी ती त्याच आवाजात बोलत आली होती.